पीसीओएससाठी फोनवरचा वजन-सल्ला: पैसे नक्की कशाचे द्यायचे?

पीसीओएस म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार; त्यात पाळी अनियमित होते आणि वजन वाढू शकतं. ते उतरवायला नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोडवरच्या आहारतज्ज्ञांचं ऑनलाइन पॅकेज घ्या, नाहीतर प्ले स्टोअरवरचं ॲप. जेवणाची नोंद, पावलं, वजनाचा आलेख, पाळीचं कॅलेंडर आणि चॅट, एवढाच माल. पहिल्या चार गोष्टी फुकटही मिळतात. पैसे मोजायचे ते नोंद वाचून उत्तर देणाऱ्या माणसाचे.

नोंदच सगळ्यात जास्त फसते. 'मिसळपाव, एक प्लेट' टाकलं की ॲप ठरलेला आकडा दाखवतं. रस्सा किती वेळा वाढून घेतला, वर तर्री किती होती, हे त्याला कुठून कळणार? तेलाचा एक छोटा चमचा (५ मिली) म्हणजे साधारण ४५ कॅलरी. त्यामुळे आठवड्याचं तेल मोजून वेगळ्या बाटलीत काढावं आणि जेवणाऱ्यांच्या संख्येने भागावं. भाकरीचं पीठही एकदा काट्यावर तोलावं. चतुर्थीला तर 'उपास' लिहून रकाना कोरा राहतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि प्रथिनं जवळपास नाहीतच. कोरा रकाना बघून दुसऱ्या दिवशी विचारणारी सल्लागार मिळाली, तर पॅकेज वसूल.

पावलांचा आकडा फार मनावर घेऊ नका. फोन ओट्यावर आणि बाई घरभर, मग मोजणार काय? बॅटरी सेव्हर चालू असेल तर कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवरच्या फेऱ्याही हुकू शकतात. सेटिंगमध्ये त्या ॲपवरची बॅटरीची मर्यादा काढा. त्यापेक्षा मिनिटं मोजा. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शिकेनुसार वजन उतरवायला आठवड्याला किमान २५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, शिवाय लागोपाठ नसलेल्या दोन दिवशी स्नायूंचा. कुठलाही एकच आहार दुसऱ्यापेक्षा सरस नाही, हेही त्याच मार्गदर्शिकेत आहे. म्हणजे 'खास पीसीओएस डाएट'चे जादा पैसे नावाचेच. डिटॉक्स पावडर गळ्यात मारली, तर तिथेच थांबा.

पाळीच्या आसपास पाणी साठून वजन किलोभर वर जाऊ शकतं, म्हणून आठवड्याची सरासरी आणि कंबरेची टेप बघा (भारतीय बायकांसाठी ८० सेंमी ही मर्यादा).

पाळीचं कॅलेंडर मात्र अनियमित पाळीत भरवशाचं नाही. ते मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं. वजन ५ टक्के उतरलं तरी बीजनिर्मिती परत सुरू होऊ शकते. मूल नको असेल तर गर्भनिरोधक हवं, आणि हे पहिल्याच फोनवर सांगायला हवं. ९० दिवस पाळी आली नाही, तर चॅट नको, स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा.

वर्षाची वर्गणी एकदम भरू नका. उत्तर कोण देणार, त्यांचं शिक्षण काय, किती तासांत देणार, हे आधी विचारा आणि एक महिना घेऊन बघा. सोडताना नुसतं ॲप डिलीट केल्याने पैसे कापले जायचे थांबत नाहीत; यूपीआयमधल्या ऑटोपेत जाऊन मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) रद्द करा.