इअरबड हरवला तर फोन किती उपयोगाचा? फाइंड हब, फाइंड माय आणि एनआरएफ कनेक्ट

एक इअरबड सापडत नाही म्हटलं की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात. ठिपका आपल्याच इमारतीवर दिसतो आणि शोध तिथेच अडकतो. याचं कारण साधं आहे. इअरबडमध्ये जीपीएस नसतं. बहुतेक मॉडेलांच्या बाबतीत तो ठिपका फोनचा असतो: दोघांमधलं ब्लूटूथ तुटलं त्या क्षणी फोन जिथे होता ती जागा. बड रिक्षात पडला आणि फोन खिशात घेऊन तुम्ही दादर स्टेशनात शिरलात, तर ठिपका फार तर रिक्षा सोडलीत तिथला दिसेल. रिक्षा पुढे कुठे गेली ते त्याला ठाऊक नसतं. चौदा मजली इमारतीत तर मजलाही कळत नाही. म्हणून घराबाहेर नकाशा आणि घरात सिग्नल, असा हिशोब ठेवला तर ही अ‍ॅप्स खरोखर कामाला येतात.

कुठलंही अ‍ॅप उघडण्याआधी एक प्रश्न सोडवा: बड केसच्या बाहेर आहे की आत? बाहेर असेल तर त्याची बॅटरी उतरत चाललेली असते. फोनला जोडलेला बड मॉडेलप्रमाणे साधारण 4 ते 8 तास तग धरतो, आणि जोडणी तुटली की काही मॉडेलं थोड्याच वेळात स्वतःहून बंद होतात. म्हणजे पहिला तासभर सगळ्यात मोलाचा. या वेळात फोनचं ब्लूटूथ बंद-चालू करत बसू नका, आणि यादीतून बड 'फर्गेट' तर मुळीच करू नका. उलट बड बंद केसमध्ये असेल आणि केसच हरवली असेल, तर बड झोपलेला असतो. तो काही प्रसारित करत नाही, त्यामुळे कुठलंही अ‍ॅप त्याच्यापर्यंत पोचत नाही. याला अपवाद ज्यांच्या केसमध्येच रेडिओ आणि स्पीकर आहे त्यांचा. एअरपॉड्स प्रो 2 आणि बाहेरचा आवाज दाबण्याची सोय (एएनसी) असलेले एअरपॉड्स 4 त्यांत मोडतात. साध्या एअरपॉड्स 4 च्या केसमध्ये स्पीकर नाही. खरेदी करताना हा फरक बरेच जण बघत नाहीत.

आता अँड्रॉइडकडे. गूगलचं फाइंड माय डिव्हाइस मे 2025 पासून फाइंड हब या नावाने ओळखलं जातं. बड गूगल फास्ट पेअरने, म्हणजे फोनजवळ नेताच झटपट जोडण्याच्या गूगलच्या सोयीने, जोडलेला असेल तर फोनच्या खाली यादीत तोही दिसतो. साध्या ब्लूटूथ मेन्यूतून जोडलेला, फास्ट पेअर नसलेला स्वस्त बड इथे येतच नाही. त्यामुळे खोक्यावर फास्ट पेअरची खूण आहे का, ते घेतानाच बघावं. यादीत नाव दाबलं की 'प्ले साउंड' मिळतं आणि डावा किंवा उजवा बड वेगवेगळा वाजवता येतो. ही सोय उत्तम आहे, पण अट एकच: बड त्याच फोनला त्या वेळी जोडलेला हवा. जोडलेला नसेल तर फक्त शेवटची जागा दिसते. दुसरा बड कानात असेल तर आवाज सुरू करण्याआधी तो काढा. ती शीळ कानाला बोचते.

फाइंड हबचं दुसरं अंग म्हणजे इतरांच्या अँड्रॉइड फोनांचं जाळं. वाटेने जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनला हरवलेली वस्तू जवळ जाणवते आणि तिची जागा गुप्त स्वरूपात मालकाकडे पोचते. एप्रिल 2024 मध्ये हे अमेरिका आणि कॅनडात सुरू झालं, मग इतर देशांत आलं. त्यासाठी अँड्रॉइड 9 किंवा पुढचं हवं आणि बडनेही या जाळ्याला साथ द्यायला हवी. पिक्सेल बड्स प्रो देतात. स्वस्त मॉडेलं बहुतेक फक्त 'शेवटची जागा' एवढ्यावर थांबतात. इथली एक सेटिंग सहसा कुणी पाहत नाही. सेटिंग्ज, गूगल, फाइंड हब, आणि मग ऑफलाइन उपकरणं शोधण्याचा पर्याय उघडला की चार पर्याय दिसतात. मुळात निवडलेला असतो तो फक्त वर्दळीच्या ठिकाणांचा. त्यात एकाच फोनची खबर पुरत नाही, अनेक फोनांची खबर एकत्र झाली तरच जागा दाखवली जाते. ठाणे स्टेशनवर हे चालतं. गावाकडच्या रस्त्यावर, जिथे तासाभरात दोन माणसं जातात, तिथे चालत नाही. 'सगळ्या ठिकाणी' हा पर्याय निवडला की एकटा फोनही खबर देऊ शकतो. पण ही देवाणघेवाण आहे: तिथून जाणाऱ्या माणसाने आपल्या फोनवर हा पर्याय निवडला असेल तरच तुम्हाला फायदा. म्हणून घरातल्या सगळ्या फोनांवर तो लावावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आयफोनवाल्यांचं फाइंड माय या बाबतीत पुढे आहे. एअरपॉड्स प्रो 2 ची केस अल्ट्रा वाइडबँड चिपमुळे बाण आणि अंतर दाखवत जागेपर्यंत नेते. त्यासाठी ती चिप असलेला आयफोनही लागतो, म्हणजे 11 किंवा पुढचा, एसई आणि 16ई सोडून. पण पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या साध्या एअरपॉड्सना दुसऱ्यांच्या फोनांच्या जाळ्याचा आधार नाही. ते तुमच्याच उपकरणाच्या ब्लूटूथ टप्प्यात असले तरच ताजी जागा दिसते. जुन्या मॉडेलांत दोन बड वेगवेगळ्या जागी पडले असतील तर नकाशावर एका वेळी एकच दिसतो. यावर उपाय सोपा आहे: सापडलेला बड केसमध्ये ठेवा, झाकण लावा, नकाशा ताजा करा, की दुसरा दिसतो. स्पीकर नसलेल्या केसमध्ये बड झाकण लावून असतील तर 'प्ले साउंड' दाबून काही वाजणार नाही. अ‍ॅप बिघडलंय असं समजू नका.

घरात शोधायचं असेल तर मात्र आमची पहिली पसंती एनआरएफ कनेक्टला. नॉर्वेच्या नॉर्डिक सेमिकंडक्टर कंपनीचं हे मोफत अ‍ॅप खरं तर ब्लूटूथवर काम करणाऱ्या इंजिनियरांसाठी आहे. त्यामुळे पहिल्यांदा उघडल्यावर गोंधळायला होतं. स्कॅन सुरू केलं की शेजाऱ्यांचे टीव्ही, घड्याळं, बल्ब अशा पंचवीस-तीस ओळी येतात, आणि त्यातल्या निम्म्यांना नावच नसतं. अँड्रॉइड 12 आणि पुढे 'जवळची उपकरणं' ही परवानगी द्यावी लागते. त्याआधीच्या आवृत्तीत लोकेशन चालू नसेल तर यादी रिकामीच राहते. लोक इथेच कंटाळून अ‍ॅप काढून टाकतात.

आपली ओळ ओळखायची कशी? हातातला दुसरा बड केसमध्ये ठेवून झाकण लावा, म्हणजे त्याची ओळ मध्ये येणार नाही. मग नावाने गाळा. सोनीच्या कित्येक मॉडेलांत नावाआधी 'एलई' ही अक्षरं असतात. नाव सापडलं की शेजारचा उणे आकडा बघायचा, तोच सिग्नलचा जोर. बड हाताशी असेल तर साधारण उणे 45 ते 55, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उणे 70 च्या आसपास, आणि उणे 90 म्हणजे सिग्नल तुटण्याच्या बेतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की जोर 6 डेसिबलने घटतो, पण घरात भिंती आणि भांडी हे गणित मोडतात. एका जागी उभं राहूनही आकडा पाच-दहाने वरखाली होतो. म्हणून चालत चालत बघू नका. दोन पावलं टाका, थांबा, दहा-पंधरा सेकंद आकडा स्थिर होऊ द्या, मग पुढे. आलेखाची सोय आहे, ती वापरा. नुसत्या आकड्यापेक्षा चढउतार त्यात चटकन कळतो.

दिशा काढण्यासाठी आपलं शरीरच कामाला येतं. फोन छातीशी धरा आणि जागच्या जागी हळूहळू फिरा. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी अंगातलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे बड पाठीमागे असला की आकडा स्पष्टपणे खाली जातो आणि समोर आला की चढतो. दोन खोल्यांतून असं फिरून पाहिलं की कुठली दिशा दोन्हीकडून जुळते ते समजतं. आकडा बराच चांगला आहे पण बड दिसत नाही, असं झालं तर सोफ्याच्या गादीची फट, उशीचा अभ्रा, धुवायच्या कपड्यांच्या पँटचे खिसे ही ठिकाणं पाहा. आकडा सगळीकडे सारखाच कमी येत असेल तर लोखंडी कपाट, स्टीलचा डबा, स्कूटरची डिकी उघडून पुन्हा मोजा. बंद धातूतून सिग्नल फारच कमी बाहेर येतो.

या अ‍ॅपची मोठी मर्यादा अशी की ते फक्त लो एनर्जी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या प्रकारचं ब्लूटूथ पाहतं. बरेच स्वस्त बड केवळ जुन्या, क्लासिक पद्धतीने चालतात, आणि काही बड फोनला जोडले गेले की 'मी इथे आहे' असा संदेश प्रसारित करणं थांबवतात. ते यादीत येत नाहीत. अशा वेळी कानाने शोधा. बड जोडलेला असेल तर फोनवरून 2 ते 3 किलोहर्ट्झचा सलग सूर वाजवा. एवढ्याशा स्पीकरमधून ढोलकीचा ठेका पोचत नाही, शीळ पोचते. फोनच्या आणि बडच्या, दोन्हीकडच्या आवाजाची पातळी पूर्ण करा. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स, ज्या बाजूचा बड हरवलाय त्या बाजूला सरकवा. आणि मुख्य म्हणजे कंपनीच्या अ‍ॅपमधलं 'कानात आहे का' हे ओळखणारं सेटिंग बंद करा, नाहीतर बड कानाबाहेर आहे हे ओळखून वाजणं आपोआप थांबतं. मग पंखा, मिक्सर, टीव्ही सगळं बंद करा. नथिंग एक्ससारख्या अ‍ॅपमध्ये बड वाजवण्याचं बटण आधीच दिलेलं असतं. आपल्या कंपनीचं अ‍ॅप पाहून घ्या.

'कुठलाही ब्लूटूथ इअरबड नकाशावर दाखवू' म्हणत दर आठवड्याला पैसे कापणारी अ‍ॅप्स टाळा. तीही हाच सिग्नल मोजतात, नकाशावर जागा दाखवण्याचं वेगळं साधन त्यांच्याकडे नसतं. हरवलेले फोन बंद करून देणाऱ्या सरकारी संचार साथी पोर्टलवर तक्रार नोंदवूनही इअरबड बंद करता येत नाही. तिथलं काम आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावर चालतं, आणि इअरबडला तो नसतो.

बड वॉशिंग मशीनमधून सापडला तर लगेच केसमध्ये ठेवू नका. चार्ज होण्याच्या पिनांवर पाणी असताना त्यांतून वीज वाहिली तर बड आणि केस दोन्ही खराब होतात. मऊ कापडाने पुसून, जाळीचं तोंड खाली करून, निदान एक दिवस मोकळ्या हवेत वाळू द्या. मगच केसमध्ये ठेवा.