कोथरूडमधील एका समुपदेशन केंद्राची सेवा : अनुभव आणि अभिप्राय

रात्री तीनच्या सुमारास जाग येणे, मग बँकेतील ऑडिट, मुलीची बारावी आणि सासूबाईंची औषधे या सर्वांची डोक्यात फेरी सुरू होणे आणि दिवसा क्षुल्लक कारणावरून घरच्यांवर आवाज चढणे, एवढ्या तक्रारींसाठी कोणी मानसोपचार घेतो का, असा प्रश्न आमच्या पिढीतील बहुतेकांना पडतो. माझ्या फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घेतली, दोन्ही अहवाल व्यवस्थित आले, तेव्हा त्यांनीच कोथरूडमधील या खाजगी केंद्राचे कार्ड हातात दिले. केंद्राचे नाव येथे लिहीत नाही, कारण अशी केंद्रे आता शहराच्या प्रत्येक भागात निघाली आहेत आणि ती निवडताना काय पाहावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पहिल्या भेटीत समुपदेशिकेने गप्पांना सुरुवात करण्याआधी संमतिपत्र वाचायला दिले. येथे बोललेले येथेच राहील. मात्र स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसल्यास संबंधितांना कळवावे लागेल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केलेला आहे, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले. त्यानंतर झोप, भूक, चालू असलेली औषधे, पाळीच्या तक्रारी आणि जीव नकोसा वाटतो का, हे सर्व त्यांनी आडवळण न घेता विचारले. शेवटच्या प्रश्नाने मी दचकले. पण तो न विचारणाऱ्या समुपदेशकाकडे पुन्हा जाऊ नये, असे आता माझे मत आहे.

या केंद्रात प्रामुख्याने विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती वापरली जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवलेली ही पद्धत घटनेपेक्षा घटनेविषयीच्या विचाराला धरते. तिचे मुख्य साधन म्हणजे घटना, विचार आणि परिणाम असे तीन रकाने पाडलेला एक साधा कागद. माझ्या पहिल्या कागदावरची घटना होती, ‘जाताना केबिनमध्ये येऊन जा,’ हा मॅनेजरसाहेबांचा निरोप. परिणामाच्या रकान्यात मी पोटात गोळा आणि गार पडलेले हात लिहिले, तर विचाराच्या रकान्यात ‘माझे काहीतरी चुकले असणार’ एवढेच लिहिले. समुपदेशिका तेथे थांबल्या नाहीत. चुकले असेल तर काय होईल, आणि तसे झाले तर तुमच्याविषयी काय सिद्ध होईल, असे विचारत त्यांनी मला पायरी पायरीने खाली उतरवले आणि शेवटी कागदावर जे उमटले ते असे होते : माझ्या हातून चूक होताच कामा नये, आणि झाली तर मी या खुर्चीच्या लायकीची नाही. मग त्यांनी शांतपणे विचारले की, नव्याने लागलेल्या कॅशियरला तुम्ही हाच नियम लावता का. साहेबांना मे महिन्यातील रजांचे वेळापत्रक हवे होते, ही गोष्ट त्यांनी फारशी विचारात घेतली नाही, आणि ते योग्यच होते. कारण उद्या खरोखरच चूक झाली असती तरी तो नियम तितकाच अतिरेकी ठरला असता. ‘सकारात्मक विचार करा’ हे वाक्य मला या केंद्रात एकदाही ऐकावे लागले नाही, याबद्दल मी त्यांना वेगळे गुण देते.

सेशन 50 मिनिटांचे असते, पण खरे काम घरी होते. संध्याकाळी ठरावीक वेळी अर्धा तास वहीत काळज्या लिहायच्या आणि दिवसभरात एरवी डोके वर काढणाऱ्या काळजीला त्या वेळेवर ढकलायचे, हा गृहपाठ प्रथम पोरकट वाटला. प्रत्यक्षात वहीची वेळ होईपर्यंत निम्म्या काळज्यांचा जोर ओसरलेला असे. रात्री जाग आल्यावर साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठायचे आणि डोळे जड झाल्याशिवाय परत आडवे व्हायचे नाही, हा नियमही लागू पडला. श्वसनाच्या व्यायामाने मात्र माझी धडधड वाढतच होती. तसे सांगताच त्यांनी तो हट्ट न धरता सोडून दिला. आजही मला अधूनमधून तीन वाजता जाग येते, फक्त आता तिच्यापाठोपाठ ऑडिट येत नाही. बँकेतील कामाचा बोजा तसूभरही कमी झालेला नाही आणि थेरपीने तो कमी होईल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

तक्रारी स्वागतकक्षाविषयीच्या आहेत. आतल्या खोलीत गोपनीयतेची एवढी काळजी घेणाऱ्या या केंद्राच्या बाहेरच्या हॉलमध्ये पूर्ण नाव आणि आडनाव पुकारून आत बोलावले जाते. कोथरूडसारख्या भागात समोरच्या खुर्चीवर शेजारच्या सोसायटीतील काकू बसलेल्या असण्याची शक्यता कमी नसते. प्लायवूडच्या भिंतीतून रडण्याचा आवाज बाहेर येतो, हे त्याहून वाईट. सेशनचे 1,200 रुपये मला वाजवी वाटले, पण दुसऱ्याच भेटीत काउंटरवरून आगाऊ पॅकेज घेण्याचा आग्रह सुरू झाला, तो खटकला. विम्याचा आधारही येथे फारसा मिळत नाही : कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक असले, तरी रुग्णालयात दाखल न होता घेतलेले समुपदेशन बहुतेक पॉलिसींत बसत नाही, त्यामुळे हा खर्च खिशातूनच करावा लागतो.

येथील समुपदेशिकेची चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे आणि तिचा क्रमांक भिंतीवर लावलेला आहे. इतरत्र जाणाऱ्यांनी तो निःसंकोच विचारावा. मानसशास्त्रज्ञ औषधे लिहून देत नाहीत, म्हणून औषधाची गरज आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी मला एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि ‘तूर्त नको’ असे उत्तर आल्यावरच पुढचे काम सुरू केले. ज्यांना जीव नकोसा वाटतो किंवा नसलेले आवाज ऐकू येतात, त्यांनी मात्र अशा केंद्राच्या प्रतीक्षायादीत न थांबता थेट मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे. ज्यांना फी झेपत नाही किंवा मध्यरात्रीच कोणाशी तरी बोलण्याची निकड असते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. या केंद्रात संध्याकाळची वेळ हवी असेल, तर दोन-तीन आठवडे आधी नाव नोंदवावे लागते. दुपारी बारा ते चारच्या दरम्यान सहसा लगेच वेळ मिळते आणि त्या वेळी हॉलही रिकामा असतो.