फोटोतला निवडुंग आणि माझे १,६५० डॉलर

शिकारीला नेतो म्हणून ज्याने मला गंडवलं, त्याचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण त्याने सांगितलेलं नाव त्याचं नव्हतंच.

मी मूळचा जतकडचा. गेली १७ वर्षं डेट्रॉइटच्या बाजूला, मोटारींच्या धंद्यात. शिकारीचा नाद इथे आल्यावर लागला. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर शिकार संपलीच, त्यामुळे लहानपणी माझ्यासाठी शिकार म्हणजे आजोबांनी सांगितलेल्या सशा-तितरांच्या गोष्टी. इथे प्लांटमधल्या एका मित्राने मला पहिल्यांदा झाडावरच्या मचाणावर बसवलं. पहाटे पाच वाजता, उणे तापमानात, हातात धनुष्य. आधी वाटलं याला वेड लागलंय. तीन तासांनी एक हरणी वीस पावलांवरून गेली आणि तिच्या नाकपुड्यांतून वाफ निघताना दिसली. मग मलाही वेड लागलं.

मिशिगनमध्ये व्हाइटटेल हरणं भरपूर, पण शिकारीही भरपूर. १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम उघडतो, त्या दिवशी कित्येक गावांत शाळांना सुट्टी असते आणि आमच्या प्लांटमध्ये बरीच मंडळी एकदम 'आजारी' पडतात. नराला मोठी शिंगं यायला चार-पाच वर्षं जगावं लागतं, आणि इथे बरेच नर दुसरा हिवाळाही बघत नाहीत. त्यामुळे मिशिगनचा प्रत्येक शिकारी मनातल्या मनात दुसऱ्या राज्यात शिकार करत असतो.

माझ्या मनात आयोवा होतं. पण आयोवात बाहेरच्या माणसाला नराचं परमिट दुकानात जाऊन मिळत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर अर्ज करायचा, सोडत निघते, नंबर लागला नाही तर पुढच्या सोडतीत पुढे सरकवणारा एक पॉइंट जमा होतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दक्षिणेकडच्या चांगल्या झोनमध्ये धनुष्याचं परमिट मिळायला चार-चार, पाच-पाच वर्षं जातात. माझे तीन पॉइंट झाले होते आणि धीर सुटत चालला होता.

इथे पहिला ठग भेटला. हा मला फसवणारा नव्हे, त्याच्या आधीचा. आयोवातलं शेत आहे म्हणाला, सोडतीची गरज नाही, माझं जमीनमालकाचं परमिट तुला देतो. मी नियम वाचले होते. ते परमिट तिथल्याच रहिवासी शेतमालकाला किंवा कसणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना मिळतं, दुसऱ्याला देताच येत नाही. मी त्याला तसं ठणकावून सांगितलं, ब्लॉक केलं आणि रात्री जेवताना बायकोला अर्धा तास आपली हुशारी ऐकवली. आज वाटतं, दुसऱ्याच्या हाती मी लागलो तो याच हुशारीमुळे. एक चोर ओळखला की आपण चोर ओळखण्यात तरबेज झालो असं वाटायला लागतं.

आयोवा नाही तर इलिनॉय, असं मग मीच ठरवलं. पश्चिम इलिनॉयमधली पाइक काउंटी (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) शिकाऱ्यांच्या तोंडी असते, विस्कॉन्सिनच्या बफेलो काउंटीसारखीच. एका अंगाला मिसिसिपी, दुसऱ्या अंगाला इलिनॉय नदी, मधे ओकच्या झाडीने भरलेले कडे आणि घळी, खाली मका-सोयाबीन. हरणाला पोटभर खायला आणि लपायला दोन्ही. शिवाय बंदुकीचा हंगाम तिथे दोनदाच, आधी तीन आणि मग चार दिवसांचा, तोही नर माजावर येण्याचा जोर ओसरत आल्यावर. म्हणून नर जगतात, म्हातारे होतात, शिंगं वाढतात. हे सगळं मी तीन महिने वाचलं. वारा कुठल्या दिशेचा असतो, कडाक्याची थंडी कधी पडते, काय नाही वाचलं? पैसे घेऊन शिकार घडवणाऱ्या चार आउटफिटरना फोन केले. पाच दिवसांचे साडेतीन ते साडेचार हजार डॉलर. तेवढे त्या वर्षी शक्य नव्हते. मुलीच्या दातांना तारा लावायच्या होत्या.

ऑगस्टमध्ये शिकाऱ्यांच्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली. कुणीतरी ऐनवेळी माघार घेतली आहे, ४ ते ८ नोव्हेंबरची जागा मोकळी आहे, १,८०० डॉलर. सोबत नऊ फोटो. रात्री कॅमेऱ्याने टिपलेले नर, एकेकाची शिंगं अशी की बघून तोंडाला कोरड पडावी.

मी मेसेज केला. त्याने लगेच पैसे मागितले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. आधी विचारलं, 'तुमच्या स्वप्नातली शिकार कुठली?' आणि मी गधड्याने सगळं लिहिलं. आयोवा, तीन पॉइंट, मिशिगनची गर्दी, साहेबाकडून सुट्टी मिळणं, अगदी दातांच्या तारासुद्धा. पुढचे दोन आठवडे तो तेच शब्द मला परत देत होता. 'तीन वर्षं थांबलात, अजून किती थांबणार?' 'मुलांचे खर्च मलाही आहेत, म्हणून इसार निम्माच घेतो.' मला वाटलं, काय समजूतदार माणूस आहे!

इसार ९०० डॉलर. क्रेडिट कार्ड चालेल का विचारलं, तर म्हणाला, कार्डाचं मशीन बदलतोय, झेलवर, म्हणजे बँकेतून थेट खात्यात, पाठवा. पाठवताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, 'आमचे हिशोब तीच बघते.' पटलं मला. आपल्याकडे नाही का, दुकान नवऱ्याच्या नावाचं आणि खातं बायकोच्या.

आधीच्या गिऱ्हाइकांचे नंबर मागितले, त्याने दोन दिले. दोघांनीही पहिल्याच रिंगला फोन उचलला. दोघांचं एकच पालुपद, आयुष्यातला सर्वांत मोठा नर, जेवण झकास, माणूस सोन्यासारखा. यात काय खटकायला हवं होतं ते आता कळतं. खरा शिकारी पाच मिनिटं बोलला की तक्रार करतोच. मचाण कुरकुरत होतं, वारा फिरला, शेजारच्या शेतात ऐनवेळी हार्वेस्टर चालू झाला, शेवटच्या दिवशी नेम चुकला. ज्याच्या गोष्टीत एकही डास चावत नाही, तो त्या जंगलात गेलेलाच नसतो.

ऑक्टोबरमध्ये आणखी ४५० गेले, लीजच्या विम्यासाठी म्हणून. मग ३००, मांस कापून गोठवायचा आगाऊ खर्च. अजून हरीण मेलेलं नाही, आणि मी त्याच्या मटणाचे पैसे भरून मोकळा. परमिट आणि लायसन्स मात्र मी स्वतः राज्याकडूनच घेतलं, त्याचे चारशेच्या वर गेले. तेवढी एकच गोष्ट त्या सगळ्या प्रकरणात खरी होती.

शेताचं ठिकाण त्याने निघायच्या दोन दिवस आधी पाठवलं. आमच्याकडे ओनएक्स नावाचं ॲप असतं, नकाशावर बोट ठेवलं की खाजगी जमिनीच्या मालकाचं नाव दिसतं. आपला सातबाराच म्हणा. मी बोट ठेवलं. नाव भलतंच होतं. विचारलं, तर म्हणाला, लीजवर आहे. लीजचा कागद दाखव, एवढंही मी म्हटलं नाही. जतला अर्धा गुंठा घेताना आमच्या घरात सातबारा, फेरफार, शेजारच्याची हद्द, सगळं तीन पिढ्यांमागे जाऊन तपासतात. त्याच घरातला मी. पण गाडीत सामान भरून झालं होतं, आणि सामान भरलेल्या माणसाला शंका नको असते.

आठ तास गाडी चालवून ३ नोव्हेंबरच्या दुपारी पोचलो. खडीचा रस्ता, दोन्हीकडे मका काढून झालेली रानं, पुढे घळ. फाटकाला कुलूप. त्याने दिलेला आकडा लावायला तिथे आकड्याचं कुलूपच नव्हतं, साधं किल्लीचं होतं. फोन केला, बंद. तेवढ्यात कुंपणाच्या खांबांकडे लक्ष गेलं. प्रत्येक खांबावर आणि मागच्या झाडांवर वीतभर लांबीचा जांभळ्या रंगाचा उभा पट्टा. इलिनॉयमध्ये जांभळा पट्टा म्हणजे 'आत पाऊल टाकू नका', वेगळी पाटी लागत नाही. आपल्या गिऱ्हाइकांना बोलावणारा माणूस फाटकापासून जांभळा रंग मारून ठेवेल? मी हातात फोन धरून त्या पट्ट्याकडे बघत उभा राहिलो, आणि पोटात गोळा आला.

शेतमालक पिकअप घेऊन आला. साठीचा असावा. आधी आवाज चढलेला, कारण माझ्या गाडीवर दुसऱ्या राज्याची पाटी आणि मागे धनुष्याची पेटी. मी मेसेज दाखवले. तो दोन मिनिटं वाचत होता, मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, या आठवड्यातले तुम्ही दुसरे. पहिला पेनसिल्व्हेनियाहून आला होता, मुलाला घेऊन.

त्या मुलाचं वय मी विचारलं नाही.

शेतमालकाच्याच सांगण्यावरून पिट्सफील्डला शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसांच्या, ऑफिसात गेलो. डेप्युटीने सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि विचारलं, आउटफिटरचं परमिट पाहिलं होतं का? इलिनॉयमध्ये पैसे घेऊन हरणाची शिकार घडवणाऱ्याला राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं परमिट लागतं. खात्याला एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं. मी तीन महिने काउंटी निवडली आणि माणसासाठी पाच मिनिटं काढली नाहीत.

बँकेने हात वर केले. कार्डाचा व्यवहार असता तर तक्रार लावून भांडता आलं असतं. झेलवर पैसे मी स्वतः, माझ्या बोटाने पाठवलेले. त्यांच्या लेखी ती चोरी नव्हती. एफबीआयच्या आयसी३ या साइटवर तक्रार टाकली, ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एफटीसीकडेही. पैसे परत येतील म्हणून नाही, नंबर कुठेतरी नोंदला जावा म्हणून. तुमच्याबरोबर असं झालं तर त्याच दिवशी बँकेला फोन करा, लाज वाटून आठवडा घालवू नका. मी परतल्यावर चार दिवस घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणजे घरी लगेच आलोच नाही. परमिट खरं होतं, सुट्टी मंजूर होती. ग्रिग्जव्हिलजवळ रे नॉरबट नावाची राज्याची सार्वजनिक जागा आहे, तिथे धनुष्याने शिकार चालते. दोन दिवस तिथे काढले. मचाण नव्हतं, एका पडलेल्या ओकला पाठ लावून बसलो. दुसऱ्या सकाळी एक कोवळा नर मादीच्या मागे नाक खाली घालून, कुत्र्यासारखा वास घेत गेला. पाय घसरला, सावरला, पुन्हा धावला. मी धनुष्य उचललं नाही. का ते सांगता येणार नाही. त्याची धांदल बघून जरा हसू आलं, एवढं आठवतं.

पाचव्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, फोटो दाखव. मी नऊच्या नऊ दाखवले, ते मी किमान पन्नास वेळा पाहिले असतील. चौथ्या फोटोवर ती थांबली. दोन बोटांनी मोठा केला, शिंगांचा भाग नाही, डावीकडचा खालचा कोपरा.

'अरे, हा फड्या निवडुंग नाही का? आपल्या बांधावरचा?'

होता. चांगला कमरेएवढा, पसरलेला, पानांच्या कडेला बोंडं लागलेली. मागे तीन पायांवर उभं केलेलं मक्याचं पिंप, हरणांसाठी दाणे सांडणारं. टेक्सासमधल्या रँचवर असं चित्र पावलोपावली दिसतं. पाइक काउंटीच्या ओकच्या घळीत तसला निवडुंग कुठून येणार? आणि इलिनॉयमध्ये हरणांना असे दाणे घालणंच बेकायदा आहे. ते मी वाचलेलं होतं, परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते. ज्याचे काटे पायातून काढण्यात बालपण गेलं तो निवडुंग मला दिसला नाही, कारण मी शिंगं मोजत होतो. मग तो फोटो टाकून तो मुळात कुठला, याचा इंटरनेटवर उलटा शोध घेतला. टेक्सासमधल्या एका रँचच्या पानावर तो बरीच वर्षं पडून होता.

यंदा जुलैमध्ये दुसऱ्या ग्रुपवर एक जाहिरात आली. विस्कॉन्सिन, बफेलो काउंटी, कुणीतरी ऐनवेळी माघार घेतली आहे, २,१०० डॉलर. आठ फोटो, त्यातला तिसरा माझा ओळखीचा. मी नव्या नंबरवरून मेसेज केला. त्याने विचारलं, तुमच्या स्वप्नातली शिकार कुठली?

मी लिहिलं, ते राहू दे. तिसऱ्या फोटोत डावीकडे खाली काय आहे ते सांग.

दोन टिकल्या निळ्या झाल्या. बराच वेळ तो काहीतरी टाइप करत होता. मग त्याचा डीपी गायब झाला.