कुस्को ते ला पाझ ‘थेट बस’: तिकीट काढण्याआधी हे वाचा

पेरूतल्या कुस्कोहून बोलिव्हियातल्या ला पाझला बसने जाणार असाल, तर ‘दिरेक्तो’ म्हणजे थेट म्हणून विकलं जाणारं तिकीट जपून घ्या. आम्हा दोघी बहिणींना याच तिकिटात गंडवलं. आणि हे काही आमच्या एकटीदुकटीच्या नशिबी आलेलं नाही. कोपाकाबानाच्या चौकात तसेच कागद हातात धरून उभे असलेले इतर प्रवासीही आम्हाला भेटले.

आधी रस्ता समजून घ्या. कुस्कोहून रात्रीची गाडी पहाटे पुनोला पोचते. पुनोहून सकाळी दुसरी गाडी टिटिकाका सरोवराच्या काठाकाठाने सीमेवर जाते आणि सीमा ओलांडली की कोपाकाबाना येतं. तिथून ला पाझला तिसरी गाडी. असे तीन टप्पे, आणि बरेचदा तीन वेगवेगळ्या कंपन्या. मधल्या एजंटाने तिन्हींचे पैसे एकदम घ्यायचे आणि शेवटच्या टप्प्याचे पुढे पोचवायचेच नाहीत, एवढाच हा धंदा आहे.

कुस्कोतल्या एजंटाने आम्हाला गुलाबी पावती फाडून दिली. वर त्याचा शिक्का, खाली हाताने लिहिलेलं ‘ला पाझ’. कंपनीच्या नावाची जागा कोरी होती. विचारलं तर म्हणाला, ‘पुनोला आमचा माणूस असतो, तो सगळं बघतो.’

माणूस खरंच होता. पहाटे पुनोच्या स्टँडवर, ३,८०० मीटर उंचीवरच्या थंडीत, जेमतेम डोळे उघडे ठेवून आम्ही बसलो होतो. तो आला, आमची नावं बरोबर घेतली, गुलाबी पावती मागून घेतली आणि थोड्या वेळाने छापील तिकीट आणून दिलं. खरी फसवणूक झाली ती या क्षणी. पूर्ण पैसे भरल्याचा एकमेव पुरावा त्याच्या खिशात गेला होता आणि आमच्या हातातल्या तिकिटावर ‘पुनो ते कोपाकाबाना’ एवढंच छापलेलं होतं. गाडी सुटायच्या गडबडीत आणलेला तो कागद बारकाईने कोणी वाचू नये, अशीच वेळ त्याने साधली होती.

सीमेवर सगळं रीतसर झालं. पेरूचा शिक्का, थोडं चालणं, बोलिव्हियाचा शिक्का. कोपाकाबानाला उतरल्यावर पुढच्या गाडीच्या यादीत आमची नावंच नव्हती. तिथल्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बोलिव्हियाचं घड्याळ पेरूच्या एक तास पुढे असतं. ‘तुमची गाडी गेली, तुम्ही उशिरा आलात,’ असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. हे धादांत खोटं होतं. ज्या गाडीचं नाव त्या घेत होत्या ती दुपारची होती आणि बाहेर उभीच होती. पण भांडायचं कशाच्या आधारावर? कागद कोपाकाबानापर्यंतचाच होता. पुन्हा पैसे भरून त्याच गाडीत बसलो. मला अजून राग आहे तो रकमेचा नाही. नवख्या माणसाला घड्याळाच्या फरकावरून खजील करून गप्प बसवायचं, याचा आहे.

पुढे तिकिना लागतं. इथे सरोवर अरुंद होतं, रिकामी बस लाकडी तराफ्यावरून पलीकडे जाते आणि प्रवाशांना वेगळ्या होडीने जावं लागतं. होडीचं तिकीट बसच्या भाड्यात धरलेलं नसतं, पण ते अगदी किरकोळ आहे आणि सगळेच भरतात. यात फसवणूक नाही. फक्त सुटे बोलिव्हियानो जवळ ठेवा आणि पासपोर्टची पिशवी गाडीत सोडू नका.

ला पाझला गाडी मुख्य स्टँडवर न जाता अंधार पडल्यावर कब्रस्तानाच्या भागात थांबली. कोपाकाबानाच्या बऱ्याच गाड्या तिथेच थांबतात. बॅगा खांद्याला लावतोय तोच एक परदेशी पर्यटक वाटणारा माणूस गप्पा मारायला आला. लगेच साध्या कपड्यातला दुसरा आला, ओळखपत्र चमकवलं आणि त्याच्याकडे पासपोर्ट मागितला. त्याने निमूटपणे दिला. मग आमच्याकडे वळून, ‘पैसे खोटे आहेत का ते तपासायचंय, टॅक्सीत बसा, ठाण्यावर जाऊ.’ दोघेही एकमेकांचे साथीदार. ला पाझमधला हा जुना डाव आहे. बहिणीने टॅक्सीत बसायला साफ नकार दिला, आम्ही दोघी शेजारच्या उघड्या दुकानात शिरलो आणि ते दोघे दिसेनासे झाले.

खरा पोलीस रस्त्यावरच्या टॅक्सीत बसवून पाकीट उघडायला लावत नाही. झडतीसाठी सरकारी वकिलांचा लेखी आदेश लागतो, तो मागा. पासपोर्ट हातात देऊ नका, झेरॉक्स दाखवा. टॅक्सी हवी असेल तर दुकानातून किंवा हॉटेलमधून फोन करून बोलवा.

तिकिटाचं म्हणाल तर प्रत्येक टप्प्याचं वेगळं काढा, स्टँडच्या आत, त्या त्या कंपनीच्या खिडकीवर. पेरूत स्टँडचा वेगळा कर भरून चिठ्ठी घ्यावी लागते, त्याला घाबरू नका. एजंटाकडूनच घ्यायचं असेल तर पावतीवर तिन्ही गाड्यांच्या कंपन्यांची नावं लिहून घ्या आणि ती कोणी मागितली तर आधी मोबाइलवर फोटो काढा.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. पेरूत ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येक दुकानाला ‘लिब्रो दे रेक्लामासिओनेस’ म्हणजे तक्रारवही ठेवावीच लागते. ती नुसती मागितली तरी खिडकीमागच्या माणसाचा सूर बदलतो. पण ही वही पेरूतच चालते. तेव्हा पुनोच्या स्टँडवर नवं तिकीट हातात पडलं की गाडीत चढण्याआधी त्यावर ‘ला पाझ’ छापलंय का ते बघा. नसेल तर तिथेच अडून बसा. सीमेपलीकडे कुस्कोच्या एजंटाला जाब विचारणारं कोणी नाही.