गीझरची कॉइल तपासायची: क्लॅम्प मीटरने की ओहम मोजून?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत 'गीझर तापत नाही' ही तक्रार नेहमीची. तपासायचे मार्ग दोन.

पहिला, चालू गीझरवर, वायरीभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने. प्लगपाशी २१५ व्होल्ट आणि क्लॅम्पवर ८.१ अँपिअर आले, तर कॉइलचा रोध २१५ ÷ ८.१ म्हणजे साधारण २६.५ ओहम, आणि २१५ × ८.१ म्हणजे जेमतेम १७४० वॉट. गीझरवर छापलेले २००० वॉट २३० व्होल्टला असतात; त्या हिशोबानेही कॉइल साधारण २६.५ ओहमचीच येते. व्होल्टेज साडेसहा टक्के पडलं की पॉवर साडेबारा टक्के पडते. कॉइल ठणठणीत आहे, कमी पडतोय तो विजेचा दाब. क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्या. पूर्ण केबल घातली तर फेज-न्यूट्रल एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो.

दुसरा, मल्टिमीटरने. एमसीबी बंद, प्लग बाहेर, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवलेल्या. आधी प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) एकमेकांना टेकवून येणारा आकडा (०.३ वगैरे) वजा करा. २६ ओहमच्या आसपास आलं तर ठीक, मीटरवर आकडाच आला नाही (शून्य नव्हे, 'OL') तर कॉइल तुटली. कॉइलची तार निक्रोमची असते, तिचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून हे थंडपणी मोजणं चालतं. जुन्या पिवळ्या, तारेच्या बल्बला अजिबात नाही; तिथे तापल्यावर रोध खूप वाढतो.

घरच्या माणसाने दुसराच मार्ग धरावा; चालू वायरीला हात वायरमननेच लावावा. मात्र अर्थिंगकडची गळती मल्टिमीटरला बऱ्याचदा सापडत नाही, तिथे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लागतो. आणि दोन्हीकडे आकडे बरोबर येऊनही पाणी कोमटच असेल, तर थर्मोस्टॅट आणि कॉइलवरचा क्षाराचा थर बघा.