पाद्रोन 1964 अ‍ॅनिव्हर्सरी माडुरो: गडद वेष्टनाचा कस

सिगार जितका काळा तितका कडक, ही समजूत जुन्या शौकिनांतही आढळते. ती पारखून घ्यायला पाद्रोनच्या 1964 अ‍ॅनिव्हर्सरी मालिकेइतके चांगले साधन क्वचितच मिळेल, कारण यातला सिगार नॅचरल (तुलनेने फिकट) आणि माडुरो (गडद) अशा दोन्ही वेष्टनांत, म्हणजे सर्वांत बाहेर गुंडाळलेल्या पानांत, मिळतो. होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी 1964 साली मायामीत सुरू केलेल्या व्यवसायाला तीस वर्षे झाली, त्या निमित्ताने 1994 मध्ये ही मालिका निघाली. तंबाखू निकाराग्वाचा, चार वर्षे मुरवलेला, आणि सिगार दाबून चौकोनी केलेला.

माडुरोचा रंग मुख्यतः शेतात नव्हे, तर वखारीत तयार होतो. त्यासाठी उन्हात वाढलेली जाड, तेलकट पाने निवडतात, कारण पुढची उष्णता पातळ पानाला सोसत नाही. वाळवलेली पाने ओलसर करून त्यांच्या जुड्यांची मोठी थप्पी रचली की वजनाने आणि ओलाव्याने ती आतून आपोआप तापू लागते. पारा ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की थप्पी मोडून, आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत घालून, पुन्हा रचतात. अमोनियाचा उग्र दर्प याच काळात निघून जातो. फिक्या पानाचे काम लवकर आटोपते, गडद पानाला मात्र अधिक उष्णता आणि बरेच अधिक महिने द्यावे लागतात. हा वेळ वाचवण्यासाठी काही ठिकाणी पाने वाफवतात किंवा चक्क रंगवतात, आणि असा सिगार ओठांवर डाग सोडतो.

पुढे चांगल्या उजेडात, हाताने, पानांची रंगवार निवड होते: फिकट क्लारो, तांबूस कोलोराडो, त्याहून गडद कोलोराडो माडुरो, दाट तपकिरी माडुरो आणि जवळजवळ काळे ऑस्क्युरो. या पायऱ्यांच्या सीमा प्रत्येक कारखाना आपापल्या नजरेने ठरवतो, त्यामुळे एकाचे माडुरो ते दुसऱ्याचे ऑस्क्युरो असू शकते. शिवाय ही प्रतवारी केवळ रंगाची आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकटचे ब्रॉडलीफ किंवा मेक्सिकोतले सान आंद्रेस ही नावे पानाचा वाण आणि मुलूख सांगतात.

या मालिकेतला एक्स्क्लुसिवो नावाचा साडेपाच इंची आकार हाती घेतला तर माडुरोचे वेष्टन तेलाने किंचित चकाकते, आणि रंग कडेपासून कडेपर्यंत एकसारखा नसून शिरांपाशी थोडा गडद होत जातो. मला ही त्याच्या खरेपणाची खूण वाटते. धुरात कोको, भाजलेली कॉफी आणि मनुकांची गोडी येते. नॅचरलमध्ये मिरीचा तिखटपणा अधिक स्पष्ट लागतो, म्हणजे दोघांत सौम्य वाटतो तो काळाच. जाड पान सावकाश जळते, म्हणून घाईने ओढल्यास ते एका बाजूने वाकडे पेटते. किंमत चढी आहे, तरीही गडद वेष्टनाची चव प्रथमच घेणाऱ्याला मी हाच आकार सुचवेन, आणि शक्य असेल तर सोबत एक नॅचरलही घ्यायला सांगेन.