जेट की वारा?

गॅमा किरणांचा, म्हणजे सर्वात ऊर्जावान प्रकाशाचा, विषय निघाला की सगळे जेटकडेच धावतात. महाकाय कृष्णविवराचा जेट, म्हणजे त्याच्याजवळून सुटणारा अरुंद झोत, आपल्याकडे रोखलेला असला की तो कैक पटींनी तेजस्वी दिसतो. मार्केरियन ४२१ ही दीर्घिका अशीच, तिचे अतिऊर्जावान गॅमा किरण १९९२ मध्ये सापडले. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राने लडाखमधल्या हानलेला उभारलेली २१ मीटरची मेस ही गॅमा किरण दुर्बीणही अशांच्या मागावर.

कृष्णविवराभोवतून सुटणाऱ्या वाऱ्याचं काम वेगळं. प्रकाशाच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या वेगाने सुटलेला वायू, मरीन ड्राइव्हवरच्या पावसाळी वाऱ्यासारखा, ऐसपैस पसरत भोवतालच्या वायूवर आदळतो. त्या धक्क्यात प्रोटॉन प्रचंड वेग घेतात, त्यांच्या टकरींतून गॅमा किरण निघतात. पण इतके फिके, की फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीच्या चमूने ११ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचले, तेव्हा कुठे २०२१ मध्ये खूण पटली.

मला वाराच भावतो. जेट अरुंद वाटेने निसटतो. वारा ताऱ्यांचा कच्चा मालच उधळून लावू शकतो.